घरीं बांधलेली तीनचाकी मोटारगाडी आणि शेतकऱ्याचा सातबारा

रामटेक तहसिलींत धानाच्या रोवणीच्या दिवसांत ज्यानें पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन एका बांधींतून दुसरींत वाहिल्या आहेत, त्याला शेतांत लहान वाहनाची गरज किती असते हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं. बैलजोडी बाळगणें दिवसेंदिवस अवघड होत चाललें आहे. वैरण, गुराखी, आणि वर्षांतून मोजक्याच दिवसांचें काम, यांचा हिशेब कांहीं केल्या जुळत नाहीं. ट्रॅक्टर भाड्यानें मिळतो, पण अरुंद पांदणींत तो वळत नाहीं आणि त्याच्या भारानें धुऱ्याची माती खचते. पानमळ्याच्या वाटेवर तर त्याचें चाकहि मावत नाहीं. अशा स्थितींत जुन्या मोटारसायकलीचें इंजिन घ्यावें, मागें दोन चाकें जोडावीं, आणि लोखंडी नळ्यांचा सांगाडा घरच्या आंगणांत उभा करावा, ही कल्पना हुशार शेतकऱ्याच्या मनांत येणें अगदीं स्वाभाविक आहे. गांवोगांव वेल्डिंगचीं दुकानें झालीं आहेत, भंगारांत चालतीं इंजिनें मिळतात, आणि परदेशच्या कारागिरांचीं कामें आतां मोबाईलवर घरबसल्या पाहावयास सांपडतात.

या खटाटोपास नांवें ठेवण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. ज्याला स्वतःच्या हातानें कांहीं करतां येतें त्यानें तें करावें, याच मताचे आम्ही आहों. प्रस्तुत लेखक कांहीं यंत्रशास्त्री नव्हे. त्याचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. सांगाड्याविषयीं पुढें जें लिहिलें आहे तें कारागिरांपाशीं बसून, विचारून आणि मोजून लिहिलें आहे. परंतु तो सांगाडा सार्वजनिक रस्त्यावर आल्यावर शेतकऱ्याच्या जमिनीवर काय प्रसंग येऊं शकतो, हें मात्र तहसील कचेरीच्या टेबलावर बसून पाहिलेलें आहे, आणि तेंच सांगणें हा या लेखाचा मुख्य हेतु आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं ही कल्पना नवी नाहीं व हास्यास्पदहि नाहीं. गुजराथेंत अमरेली जिल्ह्यांतील मोटा देवळिया गांवचे मनसुखभाई जगाणी यांनीं १९९४ च्या सुमारास एनफिल्ड बुलेट मोटारसायकलीचें मागचें चाक काढून त्या जागीं दोन चाकांचा जोड व औतें बांधण्याची दांडी बसविली. तीच पुढें ‘बुलेट सांती’ या नांवानें प्रसिद्ध झाली. अवर्षणाच्या मुलखांत बैल पोसणें परवडेना, म्हणून हा उद्योग झाला. त्या रचनेला पुढें भारतांत व अमेरिकेंत पेटंटहि मिळालें. सौराष्ट्रांतला ‘छकडो’ हा असाच कारागिरांच्या हातून निपजला, व मागाहून राजकोटच्या कारखान्यांत त्या धर्तीचीं वाहनें रीतसर होऊं लागलीं. आपल्या महाराष्ट्रांत सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतून, मोटारसायकलीप्रमाणें पायानें किक मारून सुरू होणारी लहान चारचाकी गाडी सुमारें साठ हजार रुपयांत बनविली. डिसेंबर २०२१ मध्यें उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिची जाहीर वाखाणणी केली. पण त्याच श्वासांत, ही गाडी नियमांत बसत नाहीं व आज ना उद्यां अधिकारी ती अडवितील, असेंहि त्यांनीं सांगितलें. जानेवारी २०२२ मध्यें लोहार यांस बदल्यांत नवी बोलेरो मिळाली. हें ठीकच झालें; पण हातानें गाडी करणाऱ्या प्रत्येकाच्या दारीं कोणी उद्योगपति बोलेरो घेऊन उभा राहणार नाहीं. 

आतां सांगाड्याकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी कीं दोन चाकांपेक्षां तीन चाकें अर्थातच अधिक स्थिर. उभी असेपर्यंत हें खरें आहे. दुचाकी वळतांना आंतल्या अंगास कलते व तोल संभाळते. तीनचाकी कलूं शकत नाहीं, ती बाहेरच्या अंगास उलटते. तिन्ही चाकें जेथें जमिनीस टेकतात ते बिंदु रेषांनीं जोडले म्हणजे एक त्रिकोण होतो. गाडी व ओझें यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, तेथून सोडलेला ओळंबा त्या त्रिकोणाच्या आंत पडला पाहिजे. बाहेर पडला कीं गाडी गेली.

एक उदाहरण घेऊं. पुढचें चाक व मागची आंस यांत २०० सेंटिमीटर अंतर आहे, मागच्या दोन चाकांत १२० सेंटिमीटर, आणि गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून १५० सेंटिमीटर मागें व जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे. हिशेब केला असतां ही गाडी आडव्या उतारावर सुमारें ३१ अंशांपर्यंत उभी राहते. आतां पोतीं एकावर एक रचून गुरुत्वमध्य १०० सेंटिमीटर उंच नेला, तर तीच गाडी २३ अंशांवर कोलमडते. आणि उंची ७० च ठेवून ओझें पुढें सरकविलें, गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून १०० सेंटिमीटरवर आला, तर मर्यादा २२ अंशांवर येते. कारण पुढें त्रिकोण निमुळता होत जातो. हे आंकडे सपाट, टणक जमिनीचे व उभ्या गाडीचे आहेत. पावसांत भिजलेल्या धुऱ्यावर, एक चाक चिखलांत रुतलें असतां, किंवा वळणावर वेग असतां, यांतले पुष्कळ अंश हातचे गेले असें समजावें. म्हणून ओझें खालीं व मागच्या आंसेच्या किंचित् पुढें असावें. आंसेच्या मागें गेलें तर चढावर पुढचें चाक उचलतें आणि हॅंडल नुसतें हवेंत फिरतें. पाटा जितका खालीं नेतां येईल तितका न्यावा, चाकें रुंद अंतरावर ठेवावीं, आणि वर माणसें बसवूं नयेत.

सांगाडा बांधतांना पहिली खबरदारी नळीची. नळयोजनेची जस्ताचा मुलामा दिलेली नळी स्वस्त पडते म्हणून वापरूं नये. ती झाळतांना जस्ताचा धूर होतो, तो छातींत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो, आणि सांधाहि निर्मळ लागत नाहीं. मुख्य दांड्यांस साधी पोलादी नळी घ्यावी. तिचा पत्रा दोन मिलिमीटरहून पातळ नसावा, तीनाचा असल्यास उत्तम. चौकोनास आडवा कर्ण दिल्याखेरीज तो चौकोन राहत नाहीं हें खाट विणणाऱ्यासहि ठाऊक असतें. म्हणून प्रत्येक मोकळ्या चौकटींत तिरपी दांडी घालून तिचे त्रिकोण करावे, व कोपऱ्यांत लोखंडाच्या कोनपट्ट्या बसवाव्या. 

दुसरी गोष्ट मापाची, आणि येथें आमच्या जुन्या धंद्याचा थोडा उपयोग आहे. मोजणीदार शेताच्या नुसत्या चार बाजू मोजून थांबत नाहीं. कर्ण मोजल्यावांचून त्याचा नकाशा बंद होत नाहीं. सांगाड्याचेंहि तसेंच. फरशीवर किंवा पातळींत लावलेल्या दोन गर्डरांवर नळ्या मांडाव्या, सर्व सांधे आधीं ठिपक्यांनीं नुसते टांकून घ्यावे, मग दोन्ही कर्ण फितीनें मोजावे. ते सारखे आले म्हणजेच पुरें झाळकाम करावें, आणि तेंहि एका बाजूनें सलग नव्हे. एक सांधा डावा, एक उजवा, मध्यें निवूं देत. तापलेलें लोखंड थंड होतांना ओढ घेतें, व एका अंगानें झाळलेली चौकट हातभर लांबींत बोटभर तिरपी होते. मग चाकें एका रेषेंत येत नाहींत, टायर महिन्यांत झिजतो, आणि दोष बिचाऱ्या टायरवाल्यास दिला जातो.

मोटारसायकलीचा पुढचा भाग कापून घेतांना, ज्या नळींत हॅंडलचा दांडा फिरतो ती व तिच्या लगतच्या दांड्या अखंड ठेवाव्या. दुचाकीचा सांगाडा कलण्याच्या हिशेबानें केलेला असतो. तीनचाकींत वळणाचा सगळा आडवा रेटा त्या सांध्यावर व पुढच्या चिमट्यावर येतो. म्हणून तेथून खालच्या चौकटीपर्यंत दोन तिरपे आधार दिलेच पाहिजेत. अशा गाड्यांचा सांगाडा तुटतो तो बहुधा येथेंच, आणि तुटला म्हणजे चालविणाऱ्यास सावरण्यास क्षणहि मिळत नाहीं.

मागच्या आंसेविषयीं दोन पक्ष आहेत. दोन्ही चाकें एकाच आंसेला घट्ट बसविलीं तर चिखलांत ओढ चांगली येते, पण टणक जमिनीवर वळतांना बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावयाचें असतें तें त्यास कापतां येत नाहीं; चाकें घासतात व गाडी सरळच जाऊं पाहते. एकाच चाकास साखळी दिली तर गाडी एका अंगास ओढते. भंगारांतल्या ऑटोरिक्षाचा डिफरन्शियलसकट मागचा भाग मिळाल्यास तो घ्यावा हें आमचें मत. त्याबरोबर ब्रेकहि येतात. खरें म्हणजे इंजिनहि रिक्षाचेंच बरें. मोटारसायकलीच्या इंजिनास मागें जाण्याचा गिअर नसतो, आणि तें समोरच्या वाऱ्यानें थंड राहतें. शेतांत बैलाच्या चालीनें तासभर चालविलें तर तें उकळतें. रिक्षाच्या इंजिनास पंखा असतो. बाकी आसन, दिवे, रंग यांचा विचार ज्याचा त्यानें करावा.

भंगारांतून इंजिन घेतांना मात्र विकणाऱ्याकडून सहीची पावती घ्यावी, तींत इंजिन क्रमांक लिहवून घ्यावा, आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागावा. चोरीच्या मोटारसायकलीचें इंजिन ज्याच्या आंगणांत सांपडतें, त्याला तें कोठून आणलें हें सांगतांना पुरेवाट होते.

येथवर कारागिरी झाली. आतां कायद्याची बाजू पाहूं.

घरीं बांधलेली गाडी ही ‘मोटारगाडी’च नव्हे, तें एक औत आहे, अशी समजूत खेड्यांत सार्वत्रिक आहे. ती टिकणारी नाहीं. उत्तरेकडे ‘जुगाड’ म्हणून जीं वाहनें रस्त्यावर चालतात त्यांजविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं, राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणांत, असें स्पष्ट ठरविलें कीं जुगाड हें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मोटार वाहनच होय, व त्यास नोंदणी, विमा, परवाना सर्व लागू आहे. कायद्याच्या व्याख्येंतून जीं वाहनें वगळलीं आहेत तीं थोडीं: रुळांवर चालणारीं, केवळ कारखान्यांत किंवा बंदिस्त आवारांत वापरण्याच्या खास बनावटीचीं, आणि चारांपेक्षां कमी चाकांचीं, ज्यांचें इंजिन २५ घन सेंटिमीटरहून मोठें नाहीं अशीं. मोटारसायकलीचें इंजिन शंभराच्या घरांत किंवा त्याच्या वर असतें, तेव्हां ती शेवटची वाट बंदच आहे. नोंदलेल्या मोटारसायकलीस मागें दोन चाकें जोडून जुनाच नंबर लावूं म्हटलें तर कलम ५२ आडवें येतें. मूळ बनावटीच्या तपशिलास सोडून परस्पर फेरफार करतां येत नाहींत.

राहतां राहिली बंदिस्त आवाराची वाट. कुंपण घातलेल्या स्वतःच्या शेतांत, रस्त्यावर चालण्याजोगी नाहीं अशाच बनावटीची गाडी वापरली, तर तिला हा आधार घेतां येईल असें आम्हांस वाटतें. पण वकिलास वाद घालण्यास तेथेंहि जागा आहे. शिवाय एक गोष्ट शेतकऱ्यांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. घरापासून शेतापर्यंतची पांदण ही आपली नव्हे. ती गांवनकाशांत दाखविलेली असते, तिच्यावर सर्वांस जाण्यायेण्याचा हक्क असतो. आणि जेथें लोकांस जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा कायद्यानें सार्वजनिक जागा आहे. म्हणजे गाडी डांबरी सडकेवर, मनसरच्या नाक्यापर्यंत, न नेतां केवळ पांदणींतून नेली तरी विम्याचें कलम १४६ लागू होतें. पांदण दोन्ही बाजूंनीं झाडोऱ्यानें झांकलेली असली, व तेथें शिपाई कधीं फिरकत नसला, म्हणून तिचें रूप पालटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, दंड होईल तो भरूं. विम्यावांचून गाडी चालविल्यास पहिल्या वेळेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असा २०१९ पासूनचा नियम आहे. पण भय दंडाचें नव्हेच. भय अपघाताचें आहे. रोवणीस निघालेल्या चार बाया मागच्या पाट्यावर बसल्या, धुरा चढतांना गाडी उलटली, आणि एक बाई दगावली असें समजा. तिचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातील, व तो त्यांचा हक्कच आहे. न्यायाधिकरण मृताचें वय, मिळकत, व मागें राहिलेलीं माणसें पाहून भरपाई ठरवितें. कमावत्या माणसाच्या बाबतींत ती लाखांच्या घरांत जाते. विमा असता तर कंपनीनें भरली असती. येथें विमा नाहीं. गाडीला नांव नाहीं, नंबर नाहीं. पण मालक आहे, आणि त्याला जमीन आहे.

आतां कलम १७४ पाहावें. न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम कोणाकडे येणें राहिली, तर अर्ज आल्यावर न्यायाधिकरण तितक्या रकमेचें प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवूं शकतें, आणि जिल्हाधिकाऱ्यांनीं ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावयाची असते. जमीन महसुलाची थकबाकी हे शब्द सावकाश वाचावे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत त्या वसुलीचे जे मार्ग दिले आहेत त्यांत मागणीची नोटीस आहे, जंगम मालाची जप्ती व विक्री आहे, आणि स्थावराची जप्ती व विक्रीहि आहे. प्रमाणपत्र तहसिलींत येतें, तेथून तलाठ्याकडे जातें, आणि सातबाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यांत बोजा चढतो. एकदां तो चढला कीं पीककर्ज अडतें, वाटणी अडते, मुलीच्या लग्नासाठीं एकर विकावयाचा म्हटलें तर खरेदीदार उतारा पाहून परत जातो.

अशीं प्रमाणपत्रें नोकरींत असतांना आमच्या हातून गेलीं आहेत. एका प्रकरणांत वाहन असेंच बिनविम्याचें होतें. मालकाची जमीन चार एकराच्या आंत, व प्रमाणपत्र येईपर्यंत तो स्वतः हयात नव्हता. नोटीस दोन मुलांच्या नांवें निघाली. मोठा मुलगा ती हातांत घेऊन टेबलापाशीं आला व त्यानें एवढेंच विचारलें कीं, गाडी तर कधींच भंगारांत विकली, मग हें कशाचें? त्याला समजावून सांगण्यास अर्धा तास लागला. समोर दुसऱ्या बाजूला ज्यांचा माणूस गेला तीं माणसेंहि चकरा घालीत होतीं; त्यांस वर्षें लोटलीं तरी पैसा मिळाला नव्हता. बोजा दोन्ही घरांवर होता.

कोणी असेंहि विचारतात कीं गांवांत चार जण चालवितात, त्यांस काय झालें? कांहीं झालें नाहीं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जमीन ही अशी वस्तु नव्हे कीं जी एका उलट्या चाकावर पणास लावावी.

मग घरीं सांगाडा बांधणाऱ्यानें करावें काय? येथें सरकारकडेहि बोट दाखविलें पाहिजे. आपल्या देशांत नव्या बनावटीच्या वाहनास मान्यता हवी असल्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणें नमुना गाडी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा तशाच ठराविक संस्थांकडे परीक्षेस द्यावी लागते. ही रीत हजारों गाड्या काढणाऱ्या कारखानदारासाठीं योग्य आहे. जो एकच गाडी, एकदांच, स्वतःसाठीं बांधतो त्याच्या आवांक्यांतली ती नाहीं. इंग्लंडांत असें नाहीं. तेथें घरीं बांधलेल्या दुचाकी-तीनचाकीसाठीं एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करण्याची व्यवस्था आहे. मालक आपली गाडी सरकारी केंद्रावर नेतो; तेथें ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर, आवाज, टोंकदार भाग हें सर्व पाहिलें जातें; उतरली तर नोंदणी, न उतरली तर दोषांची यादी हातांत देऊन परत. त्या यादीपासून कारागीर शिकतो. आपल्याकडे त्याला शिकविणारा एकच, आणि तो म्हणजे अपघात.

तशी सोय आपल्याकडे करणें अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. सरकारनें ई-रिक्षा व ई-कार्ट यांच्यासाठीं २०१४-१५ मध्यें कायद्यांत व नियमांत निराळी जागा केलीच; मालवाहू ई-कार्टास ३१० किलोपर्यंत ओझें व ताशीं २५ किलोमीटर वेग अशा मर्यादा घालून दिल्या. त्याच धर्तीवर, शेतीच्या कामापुरत्या, ठराविक वेगाच्या व ओझ्याच्या, माणसें न वाहणाऱ्या घरगुती तीनचाकीस जिल्ह्याच्या परिवहन कचेरींत तपासून मर्यादित नोंदणी व तिऱ्हाइताचा विमा द्यावा, इतकीच मागणी आहे. तपासणीस तंत्रज्ञ हवेत म्हणाल, तर आपल्या रामटेकांतच १९८५ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांस सांगाड्याची परीक्षा हा चांगला अभ्यास होईल. 

तोपर्यंत, ज्यास पांदणीनें व सडकेनें माल न्यावयाचाच आहे त्यानें कारखान्याची नोंदलेली तीनचाकी, जुनी कां होईना, घ्यावी व तिचा विमा दरसाल चुकवूं नये. जुनी घेतांना नोंदणी पुस्तकावर नांव चढविल्याखेरीज पुरते पैसे देऊं नयेत. आणि ज्यास हातानें बांधण्याचीच हौस व गरज आहे, त्यानें ती अवश्य बांधावी, पण कुंपणाच्या आंतल्या कामासाठीं, एका माणसाच्या आसनाची, नांगरट-डवरणीच्या बेतानें. तिला सडकेवर जाण्याचा मोह होणार नाहीं इतकी ती मंद असूं द्यावी. घरून शेतांत नेण्याचा प्रश्न शेतावरच छपरी बांधून सोडवावा.

पुढील सर्वसाधारण सभेंत आपल्या संस्थेनें वरील मागणीचा ठराव करून तो राज्याच्या परिवहन आयुक्तांकडे पाठवावा अशी आमची सूचना आहे. ठरावासोबत प्रत्यक्ष बांधलेल्या सांगाड्यांचीं मापें जोडलीं तर तो कागद अधिक वजनदार होईल. तरी ज्या बंधूंनीं अशी गाडी केली आहे त्यांनीं आंसेपासून पुढच्या चाकाचें अंतर, मागच्या चाकांतील अंतर, पाट्याची जमिनीपासून उंची, नळीची जाडी, इंजिनाची जात, आणि सांगाडा कोठें तुटला असल्यास ती जागा, इतकें एका कागदावर लिहून दिवाळीपूर्वीं संपादकांकडे पाठवावें. नांव न लिहिलें तरी चालेल.